अंदाज डोक्याने बांधावा की सूत्राने? पॉल मील यांची साठ वर्षांची उलटतपासणी

१९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाने दीडशे पानांच्या आतलं एक पुस्तक काढलं. लेखक चौतीस वर्षांचे होते. मानसशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि स्वतः रुग्ण पाहणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही होते. पुस्तकाचा निष्कर्ष त्यांच्याच व्यवसायाच्या मुळावर येणारा होता. एखाद्या माणसाचं पुढे काय होईल, तो बरा होईल का, सुटल्यावर पुन्हा गुन्हा करेल का, कॉलेजात टिकेल का, हे सांगायला अनुभवी तज्ज्ञापेक्षा दोन-चार आकड्यांची साधी बेरीज निदान तेवढीच, बऱ्याचदा जास्तच चांगली ठरते, असं ते पुस्तक म्हणत होतं. तोवर झालेले वीसेक अभ्यास त्यांनी तपासले होते. एखादा अपवाद सोडला तर सगळीकडे सूत्र बरोबरीला किंवा पुढे होतं.

लेखकाचं नाव पॉल मील. मानसशास्त्रीय चाचण्यांवर संशोधन करणारा प्राध्यापक नेमकं करतो काय, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. आपल्याकडे सायकॉलॉजिस्ट म्हटलं की समोर बसून ऐकून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चाचणी म्हटलं की दहावीनंतरची कल चाचणी. या दोन्हींच्या मागे एक तिसरं काम असतं, ते सहसा दिसत नाही. चाचणीने काढलेल्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा, हे तपासण्याचं काम. मील यांनी आयुष्यभर तेच केलं.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १९२० रोजी मिनिआपोलिसचा. ते अकरा वर्षांचे असताना, मंदीच्या काळात, वडिलांनी आत्महत्या केली. सोळाव्या वर्षी आई गेली. तिला मेंदूत गाठ होती आणि डॉक्टरांनी निदान भलत्याच आजाराचं केलं होतं. डॉक्टरांना सगळं कळतं हा भाबडा विश्वास तिथेच संपला, असं त्यांनी पुढे आत्मकथनपर लेखात लिहिलं. वडील गेल्यानंतरच्या दिवसांत मनोविकारांवरचं कार्ल मेनिंजर यांचं एक लोकप्रिय पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि आपण मनोचिकित्सक व्हायचं हे त्या पोराने ठरवून टाकलं. मनाच्या अभ्यासाची ओढ आणि तज्ज्ञाच्या शब्दाबद्दलचा संशय त्यांच्यात असे एकत्रच वाढले.

मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी १९४१ मध्ये पदवी आणि १९४५ मध्ये पीएचडी घेतली, आणि नंतरची सगळी नोकरीही तिथेच केली. मार्गदर्शक होते स्टार्क हॅथवे. हॅथवे आणि डॉ. जे. सी. मॅकिन्ली यांनी याच सुमारास व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली तयार केली होती. मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी हे तिचं लांबलचक नाव. जगभर ती एमएमपीआय म्हणून ओळखली जाते. पाचशेहून जास्त विधानं, प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच लिहायचं.

ही प्रश्नावली तयार करण्याची रीत जरा विचित्र वाटेल अशी होती. तोवर चाचणी करणारा आपल्या डोक्याने प्रश्न लिहायचा. नैराश्य मोजायचं असेल तर ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ असं विचारायचा. हॅथवे-मॅकिन्ली यांनी शेकडो विधानं दोन गटांपुढे ठेवली. एका गटात निदान झालेले रुग्ण होते. दुसऱ्या गटात मुख्यतः विद्यापीठाच्या रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेली साधी माणसं, सातशेहून अधिक. ज्या विधानांना दोन्ही गटांनी ठळकपणे वेगवेगळी उत्तरं दिली, ती विधानं त्या आजाराच्या मोजपट्टीत गेली. विधानाचा त्या आजाराशी वरवर काही संबंध दिसतो की नाही, हे पाहिलंच नाही.

मग या उत्तरांना म्हणायचं तरी काय? १९४५ च्या एका लेखात पंचवीस वर्षांच्या मील यांनी यावर चोख उत्तर दिलं. ‘माझं डोकं वारंवार दुखतं’ यापुढे कोणी ‘बरोबर’ लिहिलं, म्हणजे त्याचं डोकं खरंच दुखतं असं समजू नका. त्याने तसं लिहिलं एवढीच वस्तुस्थिती आहे. तसं लिहिणारी माणसं इतर बाबतींत कशी असतात, हे शोधणं संशोधकाचं काम. प्रश्नावलीतलं उत्तर ही साक्ष नव्हे, ते एक वर्तन आहे. चाचण्यांच्या अभ्यासात शिरणाऱ्या प्रत्येकाने हे आधी पचवायला हवं असं मला वाटतं, कारण बहुतेक वाद इथेच अडतात.

माणसं खोटं लिहितात त्याचं काय, हा पुढचा प्रश्न. ‘मला कधीच राग येत नाही’ छापाच्या विधानांना होकार देणारे सरळ पकडता येतात. त्यासाठी एक वेगळी पट्टी होतीच. पण थोडं सावरून, आपली चांगली बाजू पुढे करून लिहिणारा सहज निसटतो. मील यांनी पीएचडीच्या कामातून आणि १९४६ मध्ये हॅथवे यांच्यासोबत लिहिलेल्या लेखातून यासाठी ‘के’ नावाची पट्टी बसवली. या पट्टीवर गुण जितके जास्त तितका माणूस सावध, म्हणून पाच आजार-पट्ट्यांच्या गुणांत ‘के’चा ठरावीक हिस्सा मिळवायचा. ही दुरुस्ती सरसकट उपयोगी पडतेच असं पुढच्या संशोधनात दिसलं नाही. पण मोजणी बिघडवणारी गोष्टच मोजायची आणि हिशेबात धरायची, ही कल्पना टिकली.

काळही या क्षेत्राला अनुकूल होता. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परतले होते आणि त्यांच्यावर उपचार करायला पुरेसे लोक नव्हते. सरकारी पैशातून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडवायला सुरुवात झाली. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे परिषद भरली आणि हा माणूस उपचारक आणि संशोधक दोन्ही असावा, असं तिथे ठरलं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षं चालत आलेल्या दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये रुग्णांसोबतचं काम आणि प्रबंध दोन्ही असायचं, त्यातही हीच दुहेरी अपेक्षा. प्रत्यक्षात बहुतेक जण दोहोंपैकी एकीकडे कलतात. मील कलले नाहीत. १९५१ मध्ये एकतिसाव्या वर्षी विभागप्रमुख झाले, सहा वर्षं तो भार वाहिला, आणि रुग्ण पाहणंही चालू ठेवलं.

आता पुन्हा १९५४ च्या पुस्तकाकडे, कारण त्याच्याइतका गैरसमज मील यांच्या दुसऱ्या कुठल्याच लिखाणाबद्दल झालेला नाही.

माणसाबद्दल अंदाज बांधताना दोन वेगवेगळी कामं असतात, असं मील यांनी दाखवलं. आधी माहिती गोळा करायची: मुलाखत, चाचणी, केसपेपर, घरच्यांचं सांगणं. मग ती सगळी एकत्र करून निष्कर्ष काढायचा. त्यांचा वाद फक्त दुसऱ्या कामाबद्दल होता. मुलाखत घेऊ नका असं ते कधीच म्हणाले नाहीत. मुलाखतीतलं निरीक्षणसुद्धा आकड्यात मांडून सूत्रात घालता येतं. प्रश्न एवढाच, की सगळं हाती आल्यावर शेवटचा हिशेब तज्ज्ञाने मनातल्या मनात करावा की आधीच ठरवलेल्या नियमाने?

मिनेसोटातलाच एक जुना अभ्यास पाहा. १९४३ मध्ये थिओडोर सार्बिन यांनी १६२ नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सत्रातल्या गुणांचे अंदाज दोन रीतींनी काढले. समुपदेशकांकडे मुलाखत, अनेक चाचण्या, आवडीनिवडींची माहिती, सगळं होतं. सूत्रात दोनच गोष्टी होत्या: शाळेतला क्रमांक आणि एका अभियोग्यता चाचणीचे गुण. समुपदेशक पुढे गेले नाहीत.

आणखी बोलका आहे तो लुईस गोल्डबर्ग यांचा १९६५ चा अभ्यास. ८६१ रुग्णांच्या एमएमपीआयचे आलेख २९ चिकित्सकांपुढे ठेवले आणि विचारलं, हा रुग्ण सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मनोविकार) की न्यूरोसिसचा (भान शाबूत ठेवून चिंता, अस्वस्थता देणारा सौम्य विकार)? चिकित्सक सरासरी ६२ टक्के वेळा बरोबर आले, त्यांतला सर्वोत्तम ६७ टक्के. तीन पट्ट्यांचे गुण मिळवा, दोन पट्ट्यांचे वजा करा, या शाळकरी नियमाने ७० टक्के गाठले. म्हणजे सरासरी तज्ज्ञच काय, सगळ्यांत हुशार तज्ज्ञही त्या नियमाच्या मागे राहिला.

असं का व्हावं? माणसाची नजर चाणाक्ष असते, पण हिशेब डळमळता. त्याच रुग्णाची तीच माहिती सकाळी दाखवली आणि दमून गेल्यावर संध्याकाळी दाखवली, तर एकाच तज्ज्ञाची दोन मतं होऊ शकतात. सूत्राचं तसं होत नाही. शिवाय चिकित्सकाला आपल्या अंदाजाचं पुढे काय झालं ते क्वचितच कळतं. रुग्ण निघून जातो, दुसऱ्या गावाला जातो. चुकलेला अंदाज परत येऊन सांगत नाही. अनुभव वाढतो, आत्मविश्वास वाढतो, अचूकता तिथेच राहते. मील यांचा यावरचा दाखला बाजारातला आहे: दुकानात सामानाच्या ढिगाकडे नुसतं बघून ‘सतरा डॉलर होतील बहुतेक, तुम्हाला काय वाटतं?’ असं आपण गल्ल्यावरच्या माणसाला विचारत नाही, तो बेरीज करतो.

सूत्र चुकवणारी परिस्थितीही त्यांनीच सांगितली. समजा, अमुक प्राध्यापक आज सिनेमाला जाणार असं सूत्र सांगतंय, आणि अंदाज बरोबर येण्याची शक्यता भरपूर आहे. पण तुम्हाला कळलं की सकाळीच त्यांचा पाय मोडलाय. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवायचं, यात वादच नाही. अडचण पुढे आहे. सूत्र डावलायची मुभा दिली की तज्ज्ञांना जिकडेतिकडे मोडलेले पाय दिसायला लागतात. ‘ही केस वेगळी आहे’ असं वाटण्याची सवय इतकी जबर असते की अशी मुभा दिल्यावर अचूकता एकूण घटते. रॉबिन डॉज, डेव्हिड फॉस्ट आणि मील या तिघांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा सगळा पुरावा मांडला.

या पुस्तकाचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी पोहोचला. १९५५ मध्ये इस्रायलच्या सैन्यात एकवीस वर्षांच्या एका लेफ्टनंटला भरतीच्या मुलाखतींची नवी पद्धत बसवायला सांगितलं गेलं. त्याने मील यांचं पुस्तक नुकतंच वाचलं होतं. त्याने सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न आणि वेगळे गुणांक दिले, शेवटी बेरीज. मुलाखत घेणारे वैतागले. आम्हाला यंत्रमानव करून टाकताय, म्हणाले. मग तडजोड झाली: सहाही गुणांचे आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा होईल याची कल्पना करा आणि एक आकडा द्या. गंमत म्हणजे तोही आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. अंतःप्रेरणा कामाला आली, पण आधी शिस्तीत माहिती गोळा केल्यावर. तो लेफ्टनंट म्हणजे पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे डॅनिएल काहनेमान.

१९५५ हे मील यांचंही फार सुपीक वर्ष. त्या वर्षी त्यांनी अल्बर्ट रोझन यांच्यासोबत एक लेख लिहिला. त्यातली गोष्ट आकडे मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून मांडतो. आकडे माझे, केवळ समजण्यापुरते.

एका कॉलेजात १,००० मुलं आहेत असं समजा. त्यांतल्या २० जणांना गंभीर नैराश्य आहे. आपली चाचणी बरी आहे: आजारी १०० पैकी ८० जणांना ओळखते आणि निरोगी १०० पैकी १० जणांवर उगाच शिक्का मारते. सगळ्यांची चाचणी घेतली. २० पैकी १६ सापडले. पण ९८० निरोगी मुलांपैकी ९८ जणांवरही खूण झाली. एकूण ११४ मुलं यादीत, आणि त्यांत खरी आजारी फक्त १६. यादीतल्या मुलाला नैराश्य असण्याची शक्यता सातात एक.

आता तीच चाचणी मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घ्या. तिथे येणाऱ्या १,००० पैकी ५०० जणांना नैराश्य आहे असं धरू. ४०० सापडतील, ५० जणांवर चुकीचा शिक्का बसेल. यादीतल्या ४५० पैकी ४०० खरे. दहात जवळजवळ नऊ! चाचणी तीच, छापील कागद तोच, गुण तेच. अर्थ मात्र पार बदलला. ती स्थिती त्या लोकांत मुळात किती आढळते, यावर निकालाचा अर्थ ठरतो.

कॉलेजच्या उदाहरणात आणखी एक मेख आहे. चाचणी घेतलीच नाही आणि ‘इथे कोणालाच नैराश्य नाही’ असं डोळे झाकून म्हटलं, तर आपण १,००० पैकी ९८० वेळा बरोबर असू. चाचणी घेऊन ८९८ वेळाच. याचा अर्थ चाचणी फेकून द्या असा नाही. एखादं आजारी मूल नजरेतून सुटणं हे निरोगी मुलाला नाहक दुसऱ्यांदा भेटायला बोलावण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि हा महागाईचा हिशेबही मील-रोझन यांनी धरला होता. यादी म्हणजे निदान नव्हे, पुढे कोणाशी नीट बोलायचं याची नोंद, इतकंच. शाळा-कॉलेजांत सरसकट प्रश्नावली भरून घेऊन तिचे निकाल पालकांच्या हातात थेट ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी कागदावर करावं. आत्महत्येचा अंदाज इतका अवघड का, याचं एक मोठं कारणही हेच: घटना जितकी विरळ, तितकी चुकीच्या शिक्क्यांची गर्दी मोठी.

पुढच्याच वर्षी मील यांनी अहवाल लिहिणाऱ्यांची फिरकी घेतली. ‘तुमच्यात अजून न वापरलेली बरीच क्षमता आहे’, ‘कधी तुम्ही मिळूनमिसळून असता, कधी एकलकोंडे होता’. असली वाक्यं कोणालाही लागू पडतात. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा ‘निकाल’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! रविवारचं राशिभविष्य वाचणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. मील यांनी अशा अहवालांना सर्कसवाल्या पी. टी. बार्नमच्या नावावरून ‘बार्नम इफेक्ट’ म्हटलं. कल्पना मिनेसोटातले प्राध्यापक डोनाल्ड पॅटरसन यांची, हेही त्यांनी नोंदवलं. अहवाल रुग्णाला पटला, घरच्यांना पटला, म्हणून तो खरा ठरत नाही.

मग चाचणी खरी कशी ठरवायची? टायपिंगची चाचणी असेल तर सोपं आहे, माणसाला टायपिंगला बसवा आणि पाहा. चिंता, बुद्धी, अंतर्मुखता यांचं काय? त्या दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. १९५५ मध्येच ली क्रॉनबॅक आणि मील यांनी यावर जो लेख लिहिला तो मानसशास्त्रात आजही सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक आहे. विषय होता ‘कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी’. सोप्या भाषेत असं: चिंता म्हणजे काय याबद्दल आपली काही कल्पना असते, आणि त्या कल्पनेतून भाकितं निघतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे गुण वाढायला हवेत. उपचारांनंतर उतरायला हवेत. चिंतेच्या दुसऱ्या मोजमापांशी जुळायला हवेत, शब्दसंग्रहाच्या चाचणीशी जुळता कामा नयेत. अशा भाकितांचं जाळं जितकं खरं ठरत जातं, तितका चाचणीवरचा विश्वास वाढतो. एखादं भाकीत फसलं तर चाचणी चुकली असेल, चिंतेबद्दलची कल्पना चुकली असेल किंवा प्रयोग फसला असेल. कुठला धागा तुटला ते शोधत बसायचं. म्हणून ‘ही चाचणी व्हॅलिड आहे’ असा एकदाचा शिक्का मारता येत नाही. कोणासाठी, कशासाठी, कधी, हे विचारावंच लागतं.

हे आपल्या अगदी दारातलं आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी सुधारित आवृत्ती केली. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९३४ चा. त्या काळात परक्या देशाची चाचणी भाषांतर करून तशीच न वापरता इथल्या मुलांवर पारखून घेणं हे मोठंच काम होतं. पण बिने-कामत चाचणी बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आजही वापरली जाते, आणि तिच्यातली तुलना स्वातंत्र्यापूर्वीच्या मुलांशी आहे. एमएमपीआयलाही हेच भोवलं. रुग्णालयात भेटायला आलेली ती मिनेसोटातली माणसं, बहुतेक गोरी आणि बेताचं शिकलेली, पुढे साऱ्या अमेरिकेची फूटपट्टी झाली. १९८९ मध्ये २,६०० जणांच्या नव्या नमुन्यावर दुसरी आवृत्ती आली, तोवर चाळीसहून अधिक वर्षं गेली होती. हातात एखादा चाचणीचा अहवाल आला तर बुद्ध्यंकाच्या आधी मी हेच विचारीन: माझ्या मुलाची तुलना कोणाशी केलीत, आणि ते लोक कोणत्या सालचे?

१९६२ मध्ये मील अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. अध्यक्षीय भाषणात ते स्किझोफ्रेनियाबद्दल बोलले. आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो, असं तेव्हा तज्ज्ञ राजरोस सांगत. मील म्हणाले, मुळात आनुवंशिक असा चेतासंस्थेचा दोष असतो. त्यातून व्यक्तिमत्त्वाची एक विशिष्ट घडण होते, आणि तशा घडणीच्या थोड्याच लोकांना प्रत्यक्ष आजार होतो. या सगळ्यामागे एकच मोठा जनुक असावा हा त्यांचा तर्क टिकला नाही. असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, असं आज दिसतं. पण आयांच्या माथ्यावरचा दोष उतरवायला अशा भूमिकांची मदत झाली. एखादा आजार म्हणजे माणसांचा वेगळा गट की सगळ्यांत कमी-जास्त असणारी गोष्ट, हे गणिताने कसं तपासायचं, यावर ते मग अखेरपर्यंत काम करत राहिले.

त्यांचा सगळ्यांत कडवट सूर लागला तो मात्र आपल्याच विषयातल्या संशोधनाबद्दल, १९६७ आणि १९७८ च्या लेखांत. मानसशास्त्रातला नमुनेदार शोधनिबंध असा: सिद्धांत म्हणतो की अ गटाचे गुण ब गटापेक्षा जास्त असतील. मोजले, फरक निघाला, तो ‘लक्षणीय’ आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा पडला नसता, असं संख्याशास्त्राने सांगितलं, तक्त्यात त्या आकड्यापुढे खूण म्हणून चांदणी लागली, सिद्धांत जिंकला. मील यांचं म्हणणं, यात जिंकण्यासारखं काहीच नाही. डेव्हिड लिकन आणि त्यांनी १९६६ मध्ये मिनेसोटातल्या ५७,००० शाळकरी मुलांची माहिती तपासली होती. भावंडांची संख्या, धर्म, शाळेची आवड, नाचाची आवड, सुतारकामाची आवड, अशा पंधरा गोष्टींच्या १०५ जोड्या लावल्या. १०५ च्या १०५ जोड्यांत लक्षणीय संबंध निघाला! माणसाच्या आयुष्यात सगळंच सगळ्याशी थोडंथोडं गुंतलेलं असतं, त्यामुळे पुरेशी माणसं मोजली की फरक सापडणारच. मग फरक कुठल्या बाजूला पडेल एवढंच सांगणारा वेडगळ सिद्धांतसुद्धा निम्म्या वेळा खरा ठरतो.

भौतिकशास्त्रात उलटं होतं. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) इतका वळेल, असा नेमका आकडा आइन्स्टाइन यांनी दिला होता. १९१९ च्या ग्रहणात तो तपासला गेला. तिथे मोजमाप जितकं बारीक तितका सिद्धांताचा जीव धोक्यात. मानसशास्त्रात मोजमाप सुधारलं, माणसं वाढवली की सिद्धांताला पास होणं आणखी सोपं. १९६७ मध्ये हे लिहिलं गेलं. लोकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि चांदण्या लावत राहिले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले आधी प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला.

त्यांच्या रागाला विनोदाची धार असायची. १९७३ मध्ये त्यांनी ‘मी केस कॉन्फरन्सला का जात नाही’ अशा नावाचा लांबलचक लेख लिहिला. केस कॉन्फरन्स म्हणजे रुग्णालयात सगळे मिळून एका रुग्णावर चर्चा करतात ती बैठक. तिथे एरवी बोलायलाही लाज वाटावी असली विधानं शहाणी माणसं कशी करतात, याचे नमुने त्यात आहेत. एका रुग्णाने उरलेली पॅनकेक्स टाकून न देता माळ्यावर साठवून ठेवलीत. बैठकीतले कोणी तरी प्रेमाने म्हणतात, ‘त्यात काय एवढं? आमचे जॉर्जकाकाही माळ्यावर पॅनकेक्स ठेवायचे.’ आता जॉर्जकाकांचंच डोकं ठिकाणावर होतं का, हे कोणी विचारत नाही. आपल्या घरात घडलं म्हणजे ते सर्वसाधारण, हा तर्क मराठी घरांतही भरपूर चालतो. आमच्याकडे काकांच्या जागी बहुधा आत्या असते.

आणि हाच माणूस आयुष्यभर रुग्णांशी बोलत राहिला. फ्रॉइडच्या विचारांबद्दल त्यांना आस्था होती, बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादाचा प्रभाव होता, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं एक केंद्र १९५३ मध्ये हर्बर्ट फायग्ल यांच्यासोबत त्यांनी उभं केलं होतं, आणि मानसोपचार विभागापासून कायद्याच्या वर्गापर्यंत त्यांचं शिकवणं चालायचं. आजच्या प्राध्यापकाला एवढं एकत्र करायला कोणी सवड देईल का, शंकाच आहे.

१९८६ मध्ये, पुस्तकाला तीस वर्षं उलटून गेल्यावर, मील यांनी लोकांनी ते का स्वीकारलं नाही याची कारणं मांडली: अज्ञान, पोटावर पाय येण्याची धास्ती, स्वतःविषयीची प्रतिमा, आपल्या पंथावरची निष्ठा, माणसाला आकड्यात बसवणं अमानुष आहे ही भावना. शेवटचं कारण त्यांना विशेष खटकायचं. कमी अचूक रीत आपल्याला जास्त माणुसकीची वाटते म्हणून वापरली आणि त्यामुळे रुग्णाचं नुकसान झालं, तर ती माणुसकी कुणाच्या कामाची, असा त्यांचा सवाल होता.

१४ फेब्रुवारी २००३ रोजी मील गेले. त्याआधी तीनेक वर्षं, २००० मध्ये, मिनेसोटातल्याच विल्यम ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या १३६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता. सूत्राचे अंदाज सरासरीने सुमारे १० टक्के जास्त अचूक होते. पुष्कळ अभ्यासांत दोघे बरोबरीत होते आणि थोड्या ठिकाणी चिकित्सक पुढेही होते. पण ज्या अभ्यासांत चिकित्सकाला रुग्णाच्या मुलाखतीतली माहितीही मिळाली होती, तिथे त्याचा अंदाज सूत्राच्या तुलनेत आणखी मागे पडला होता.